चांदणीची दृष्ट

लग्न होऊन नागपूरला गेलेल्या तेजस्वीचा तारामासा कोल्हापुरात माहेरीच राहिला होता, काचेच्या टाकीत, मोजून कालवलेल्या खाऱ्या पाण्यात. त्याला चांदणी म्हणत. आईनं व्हिडिओ कॉल केला. “कालपासनं चांदणी काय खात न्हाय बघ. शेजारणी टक लावून बघून गेल्यात. दिष्टच लागली की.” फोन बरणीला टेकवून आईनं चांदणीला अलगद पाण्याबाहेर तळहातावर घेतलं. “आई, पाण्यात सोड तिला, हवेत मरंल ती.” आईनं मानेनंच गप्प केलं. दृष्ट काढताना बोलायचं नसतं. मुठीतली मीठमोहरी चांदणीवरनं सावकाश फिरत होती आणि तेजस्वी नुसती बघत राहिली. शेवटी आईनं चांदणीला पाण्यात सोडलं. चांदणीचा एक हात लुळा लोंबला. “आता खाईल न्हवं?” तेजस्वीला खरं सांगवेना. “व्हय आई,” ती म्हणाली. “मग रडायलीस का गं? फोन सरळ धर. तुझीबी काढतो.”