पडद्यापलीकडच्या बायका

जयगडला मचव्यातून उतरताना महिपतला साडू काठावर उभा दिसला, पण तो पुढे आला नाही. तिथेच महिपतला कळलं, आपली बायको गोदा वारली.

ती हवापालटाला बहिणीकडे गेली होती. आदल्या संध्याकाळी धाकू खारवी मचवा घेऊन रत्नागिरीला निरोप सांगायला आला होता. "वयनीचा ताप मस्तकात गेलाय. तुमचं नाव घेतायत. भरती हाय तवर निघू या."

महिपतच्या थेटरात तेव्हा नव्या मूकपटाचा पहिला खेळ चालू होता. पट चालणार की पडणार, हे अजून कळलं नव्हतं.

"खेळ संपू दे," महिपत म्हणाला.

खेळ संपला तेव्हा ओहोटी लागली होती. मचवा पहाटे निघाला.

"उशीर का झाला?" साडूने विचारलं.

"भरती चुकली," महिपत म्हणाला. धाकू मचव्याची दोरी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

महिपतचं थेटर म्हणजे पत्र्याची शेड. मधोमध पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. पडद्यावर पाणी मारलं की चित्र पलीकडेही उमटे, फक्त उलटं. राजा डाव्या हाताने तलवार चालवी आणि मुक्या चित्रांच्या मधे मधे येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत. पुरुषांच्या बाजूला एक माणूस पाट्या मोठ्याने वाचून दाखवी. पण तिथेच पेटी-तबला चाले, त्यामुळे पलीकडे त्याचं काही ऐकू जात नसे. म्हणून बायकांत गोदा बसे. उलटी अक्षरं तिला कशी लागतात असं कुणी विचारलं, तर महिपत म्हणे, "सवय झालीय तिला."

पटाची परीक्षा तो बायकांवरून करी. पुरुषांच्या शिट्ट्यांवर त्याचा भरवसा नव्हता. मारामारी आली की ते कशालाही शिट्ट्या मारतात. तो पडद्याच्या कडेला, गोणपाटाच्या आडोशाला कान लावून उभा राही. पलीकडे नाकं ओढल्याचे आवाज आले की मुंबईच्या एजंटाला तार जाई, पट ठेवतो. नाही आले तर डबे पुढच्या बोटीने परत. तिकडे पाऊल टाकायला पुरुषांना बंदी होती. ती त्यानेच घातली होती, आणि स्वतःही पाळली होती.

एजंट एकदा रत्नागिरीला आला तेव्हा म्हणाला, "मुंबईत आपटलेले पट तुमच्याकडे कसे चालतात हो?"

"आमच्या बायका मऊ काळजाच्या," महिपत म्हणाला.

एकदा एका जाड्या साहेबाच्या धडपडीचा विलायती पट आला. पुरुष पोट धरून हसले. बायका रडल्या.

"महिपतशेट," पेटीवाला आत्माराम म्हणाला, "साहेब नुसता पडला तर या रडतात. उद्या तो मेला तर सुतक धरतील."

महिपतही हसला. पट मात्र त्याने ठेवला.

गोदा स्वतः रडणारी नव्हती. त्यांचा मुलगा बाळा तापाने गेला तेव्हाही रडली नाही. महिपत थेटरातून घरी पोचला, तेव्हा ती मुलाला मांडीवर घेऊन गप्प बसली होती. पुढेही त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्याला ते बरंच वाटलं होतं. "घट्ट मनाची आहे," असं तो लोकांना सांगे.

तेरावं झाल्यावर थेटर पुन्हा उघडलं. बायकांत पाट्या वाचायला त्याने सोनूबाई मास्तरणीला बसवलं. बाई हुशार. हातात आरसा धरून पडद्याकडे पाठ करून बसली आणि शब्दन् शब्द वाचला. पलीकडे कुणी नाक ओढलं नाही. पट परत गेला.

पुढचा पट मायलेकरांच्या ताटातुटीचा होता. त्याला पुरुषांनीही डोळे पुसले. पलीकडे शांत. तोही परत गेला. मग बायकाच येईनाशा झाल्या, आणि त्यांच्यामागून घरंच्या घरं. असंच चाललं असतं तर पावसाळ्याआधी शेड मोडावी लागली असती.

मिरकरवाड्याची सखू दारावर मासे घेऊन आली, तेव्हा त्याने तिला पायरीवर बसवलं. ती पूर्वी एकही पट चुकवत नसे.

"सखू, हल्ली पट वाईट येतात का गं?"

"पट बरे असतात, शेट."

"मग कुणी रडत का नाही?"

सखूने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "मास्तरीण पाटीवर असंल तेच वाचते."

"मग गोदा काय वाचायची?"

"वयनी कुठं वाचायची? उलटी अक्षरं तिला लागतच नव्हती. ती गोष्ट सांगायची. पट कुठलाबी असूं दे, गोष्ट तीच. नवरा कधी राजा, कधी शिपाई, एकदा तो जाडा सायब. बायकोच्या मांडीवर पोर तापानं फणफणतंय. ती नवऱ्याला निरोपावर निरोप धाडते."

"मग?"

"नवरा सांगून धाडतो, खेळ संपू दे." सखू टोपलीकडेच बघत होती. "राजाचा कसला खेळ, ते आम्ही कधी विचारलं नाय. कळत व्हतं."

महिपत दाराची चौकट धरून उभा राहिला. त्याने विचारलं, "शेवट काय सांगायची?"

"पोर जातं. मंग नवरा घरी येतो. आम्ही दर खेपेला विचारायचो, वयनी, आल्यावर तो तिला काय बोलला? ती म्हणायची, ते रीळ अजून यायचंय."