मोहाच्या वाटेवरचा बोर्ड

"झालं का नाई, प्रवीण?" देवाजीने सहाव्यांदा विचारलं. सावली या तालुक्याच्या गावातल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात त्याला बसवत नव्हतं. ऊन कलंडलं होतं, त्याचं गाव बारा किलोमीटर दूर, आणि बोर्ड आजच्या आज जंगलाच्या वाटेवर लागायला हवा होता. सकाळी तिथे वाघाची ताजी पावलं उमटलेली. उद्या पहाटे पाचला तीन गावच्या बाया त्याच वाटेने मोहफुलं वेचायला जाणार. ज्या-त्या बाईचं झाड ठरलेलं. दारोदार जाऊन किती जणींना सांगणार? त्याची आशाबाई तर सगळ्यांच्या पुढे. नवऱ्याचं ऐकेल तर शपथ! बोर्डाचं मात्र ऐकते.

संगणकावर बोर्ड झकास दिसत होता. गर्द हिरवं जंगल, मधोमध वाघ आणि वर लाल अक्षरं: 'वाघ आहे. पुढे जाऊ नका.' प्रवीणचा सगळा जीव इफेक्टांत. त्याने अक्षरांना कडेने अशी चमक दिली होती की ती निखाऱ्यासारखी पेटलेली वाटत.

मशीनमधून फ्लेक्स बाहेर आला. लाल अक्षरं हिरव्यात बुडाली होती. चमकीच्या जागी नुसता मळकट डाग.

"हे काय करून ठेवलं बे?"

"पडद्याले मागून लाईट असते, भाऊ. फ्लेक्सले कुठी? थोडा फरक पडतेच."

"मंग पाचाच्या अंधारात याच्यामागं कंदील धरून कोण उभा राहीन? तू?"

देवाजीने फ्लेक्स उचलला, दुकानाच्या दारात उभा ताणून धरला आणि रस्त्यापलीकडच्या चहावालीला हाक मारली. "मंगलीबाई, वाचा बरं, काय लिवलं आहे?"

मंगलीने डोळे बारीक केले. "लिवलेलं नाई दिसत, भाऊ. वाघ मस्त आहे पण! सफारी सुरू केली का गावात? तिकीट केवढं?"

देवाजी आत वळला.

"पांढऱ्यावर काळं कर. वीतभर अक्षरं. बाकी काई नको."

"लय भकास दिसन, भाऊ." प्रवीणला राहवेना. "वाघाचा फोटो तरी राहू द्या, कोपऱ्यात."

"नको," देवाजी म्हणाला. "फोटो पाहाले बाया जवळ जातीन."