सुरुवातीचा जोर

वेग मोजणाऱ्या रडारने काढलेला तिच्या धावेचा आलेख बघून सर चिडले. "टॉप स्पीड तोच आहे. पण सुरुवातीचा जोर कुठे गेला? उन्हाळ्यात तर नुसती उसळायचीस! आळस करतेस का गं?"

उन्हाळ्यात ती रोज आईची व्हीलचेअर ढकलत दवाखान्याचा चढ चढायची.

"आता व्हीलचेअर ढकलायची नसते, सर. आई गेली." हे सांगतानाही तिला रडू आलं नाही.

सरांनी स्वतःच सरावासाठी ढकलायच्या लोखंडी स्लेजवर वजनं चढवली. "हा ढकल. जोर येईल परत."

तिने अंग झोकून स्लेज ढकलला. ट्रॅकच्या टोकाला थांबल्यावर ती सवयीने बाजूला वाकली, आईचा पदर चाकात अडकला नाही ना, ते बघायला.

स्लेजला चाकं नव्हती.