उजवा खांदा

जुना पेशंट किसन यानं पाठवलेला माणूस अजून आला नव्हता. सहाची वेळ दिली होती, साडेसहा होत आले होते. तनुजानं बेडवरची चादर तिसऱ्यांदा झटकली, दारापर्यंत जाऊन मोशीच्या रस्त्यावरच्या दुचाक्या पाहिल्या आणि परत येऊन पुन्हा चादरीशीच झटापट सुरू केली.

बाहेरच्या खुर्चीत मारुतराव बसले होते. तनुजाच्या दवाखान्याचा गाळा त्यांचाच. शेजारचाही त्यांचाच, आणि तो कालच रिकामा झाला होता. मधली भिंत पाडून तनुजा दुसरा बेड टाकणार, की गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा, याचं उत्तर त्यांना आजच हवं होतं. चहा पाजून तनुजानं त्यांना पाऊण तास थोपवून धरलं होतं. तिनं मनाशी एक वेडगळ पैज लावली होती. किसनचा माणूस आला तर हो म्हणायचं, नाही आला तर राहू द्यायचं.

पण पैज अगदीच वेडगळ नव्हती. तिचा दवाखाना उभा होता तो माणसानं पाठवलेल्या माणसावरच. अ‍ॅक्युपंक्चर शिकून तिनं पाटी लावली, तेव्हा आठ महिने काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. पैसे मोजून सुया टोचून घ्यायला कोण येणार, असं म्हणून नातेवाईक मनसोक्त हसले. सासूबाईंनी तर शाळेतल्या नोकरीचा अर्जच आणून टेबलावर ठेवला. आणि एक दिवस चाकणच्या एका कंपनीतला ज्योतीराम आला. उजवा खांदा धरलेला, हात डोक्यापर्यंत जाईना, शर्टसुद्धा बायको घालून द्यायची. दहाव्या सिटिंगला त्यानं स्वतःच्या हातानं भांग पाडून दाखवला, तेव्हा रडू तनुजाला आलं. सासूबाईंचा अर्ज त्याच दिवशी रद्दीत गेला.

ज्योतीरामनं ज्ञानेशला पाठवलं. ज्ञानेशनं आणखी दोघांना, त्या दोघांनी आपापल्या शिफ्टमधल्यांना. दीड वर्षात वही भरली, नंबर लावायला लागले. तिच्या फॉर्मवर ‘कोणी पाठवलं?’ असा एक रकाना होता. रविवारी ती जुने फॉर्म काढून नुसता तो रकाना वाचत बसायची आणि खूष व्हायची. खांद्याच्या मॅडम, असं तिचं नावच पडलं होतं.

हो, खांद्याच्याच. सगळ्यांचा उजवा खांदा, आणि त्यातही तीच एक जागा. पेशंटनं तोंड उघडायच्या आत तिचा अंगठा तिथं जाऊन पडायचा आणि तो कळवळायचा. मॅडमच्या हातात जादू आहे, असं मग तो चार जणांना सांगायचा. तनुजालाही ते खरं वाटू लागलं होतं. शिवाय तिच्या पेशंटांचं पुढे भलंच होत होतं. कंपनीनं ज्योतीरामला पॅकिंगला बसवलं, ज्ञानेशला स्टोअरला, किसनला गेटवर. माझ्याकडे आलेल्याला काम हलकं मिळतं, असं ती घरी थट्टेनं म्हणायची. पण हे हसणं हल्ली पुरं होत नसे. मध्येच काहीतरी सलायचं. एकदा नीट विचारावं, असं तिला वाटायचं, पण बाहेर पुढचा पेशंट बसलेला असायचा आणि विचारायचं राहून जायचं.

दारात एक तरुण उभा राहिला. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. नाव समर्थ. किसनभाऊंनी पाठवलं, म्हणाला.

तनुजाला इतका आनंद झाला, की तिनं त्याला आधी बसायलाही सांगितलं नाही. ती सरळ मारुतरावांकडे वळली.

“काका, भिंत पाडा.”

“व्हय? मग उद्याच गवंडी आणतो.” मारुतराव गुडघ्यावर हात टेकत उठले. “चांगलं केलंस पोरी. दुखणाऱ्या मानसांना काय तोटा न्हाई हितं.”

ते गेले. तनुजानं समर्थला स्टुलावर बसवलं, फॉर्म आणि पेन त्याच्या हातात दिलं आणि तो लिहीत असतानाच सवयीनं त्याच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला. तो कळवळला नाही. तिनं आणखी जोर दिला. तो लिहीत राहिला. हात वर करायला सांगितला, तर हात सरळ कानाला जाऊन टेकला. डावाही तसाच. मान, पाठ, कोपर, कुठंच काही नाही. तिनं फॉर्म पाहिला. नाव होतं, वय तेवीस होतं, ‘कोणी पाठवलं?’पुढे किसनचं नाव होतं. ‘कुठे दुखतं?’ची ओळ कोरी होती.

“हे राहिलं की,” ती म्हणाली. “कुठं दुखतंय?”

“अजून नाही दुखत, मॅडम.” समर्थनं पेनाला टोपण लावलं. “ज्योतीरामभाऊ, ज्ञानेशभाऊ, किसनभाऊ, सगळे ज्या मशीनवर होते ना, तिथं सोमवारपासून मला टाकलंय. तीन महिन्यांत खांदा धरतो म्हणे. नंतर तुमचा नंबर लागत नाही, तर तेव्हाची एक तारीख आत्ताच देऊन ठेवा.”