गुणी नारिंगी

“नारिंगी शाई हवी, पण गुणी,” काकपद म्हणाले. “पसरणारी नको. कागदाच्या पाठीमागून डोकावणारी नको. आणि निबमध्ये वाळून ठाण मांडणारी तर मुळीच नको.”

“शाई बघायला आलात की सून?” पेनवाल्या बाईंनी विचारलं.

काकपद हसले नाहीत. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली की माणसाची हसायची सवय मोडते. नावही तिथलंच. ओळीत शब्द गळला की तिथे कावळ्याच्या पायासारखी एक खूण करतात, तिला काकपद म्हणतात. ती खूण ते अशा झोकात काढत की खरं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं ते चिकटलंच.

त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढून काउंटरवर ठेवला. “ह्या कागदावर चालली पाहिजे. माझ्या मुलीचं पहिलं पुस्तक येतंय. प्रुफं ह्याच कागदावर आलीत, पाठपोट छापलेली. तिने मलाच तपासायला दिलीत.”

“मग नेहमीची लाल घ्या की.”

“लाल नको म्हणालीय.” काकपदांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. “तेवढी एकच अट घातलीय.”

“निळी?”

“निळ्या शाईने तिने स्वतः दुरुस्त्या केल्यात.”

“मग हिरवी न्या.”

“हिरवी संपादकांची!” दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला सांगितल्यासारखे ते दचकले.

बाईंनी कपाटातून चार बाटल्या काढल्या. पहिली ओली असताना संत्र्याच्या सालीसारखी छान दिसली आणि वाळली तशी लाल झाली. काकपदांनी कागदावरचा हात चटका बसल्यासारखा उचलला. दुसरी इतकी फिकी की रेघ ओढली की नाही हे त्यांना कागद तिरपा धरून बघावं लागलं. तिसरी टेकवताच फुटली, तिच्या रेघेला मिशा आल्या आणि मागच्या बाजूलाही ती हजर झाली.

“आगाऊ आहे मेली,” बाई म्हणाल्या आणि पाण्याच्या पेल्यात निब धुऊ लागल्या. “पण काका, लाल शाईने तुमच्या लेकीचं असं काय घोडं मारलं?”

काकपद बोलले ते खाली बघून. “वसतिगृहात ठेवली होती तिला. बारा वर्षांची होती. पहिलं पत्र आलं. खोलीची खिडकी लागत नाही, थंडी वाजते, मला घरी न्या. मी ते तपासलं. लाल शाईने. सतरा चुका निघाल्या. खाली सही केली, तारीख टाकली आणि उलट टपाली तिला पाठवून दिलं.”

“आणि उत्तर?”

“तेच उत्तर, असं वाटलं मला तेव्हा.”

बाई तशा तोंडाच्या फटकळ, पण आता त्या धुतलेली निबच पुसत राहिल्या. माणूस वाईट नव्हता. पोरीवर जीव होता त्याचा. पण जीव लावायची रीत एकच ठाऊक होती, आणि ती छापखान्यातली होती.

“पुन्हा पत्र आलं नाही,” काकपद म्हणाले. “फोन करते. फोनवर काय तपासणार? आता तीस वर्षांनी एकदम तीनशे पानं पाठवलीत. ह्या खेपेला चुकलो ना बाई, तर परत काही दाखवायची नाही ती मला.”

बाईंनी चौथी बाटली उघडून पुढे सरकवली. काकपदांनी निब बुडवली, समासात एक काकपद काढलं, शब्द गाळायची खूण केली, दोन अक्षरं जोडायची खूण केली. शाई जिथल्या तिथे राहिली.

“नुसत्या खुणा काय करताय? सलग लिहा काहीतरी. चार ओळी चालल्याशिवाय शाईचा स्वभाव कळत नाही.”

काकपदांनी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. “समोर दुसऱ्याचं लिहिलेलं असल्याशिवाय मला लिहिता येत नाही.”

“मग लेकीचंच पत्र समोर आहे असं समजा,” बाई म्हणाल्या आणि उगाचच कपाटाकडे वळून पेनं पुसायला लागल्या.

बराच वेळ निबेची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. ती थांबली तेव्हा बाई वळल्या. कागदावर पाचच ओळी होत्या.

“चिमणे, तुझं पत्र मिळालं. खिडकी लागत नाही हे वाचलं. चुका मोजत बसलो, तुला थंडी वाजत होती. तेव्हा मी मी लगेच यायला हवं होतं. चुकलो. तुझा बाबा.”

बाईंनी कागद उलटा केला, उजेडात धरला. मागची बाजू कोरी होती. रंगही वाळून नारिंगीच राहिला होता.

“गुणी निघाली हो,” त्या म्हणाल्या. मग कागद पुन्हा सुलटा करून त्यांनी बोट ठेवलं. “पण काका, इथे ‘मी’ दोनदा पडलाय.”

काकपदांचा हात सवयीने पुढे आला. निब त्या दुसऱ्या ‘मी’वर येऊन थांबली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

“असू दे. तिला सापडेल,” ते म्हणाले. “आणि बाई, हिच्या दोन बाटल्या द्या. एक तिला लागेल.”