दुसरी सीडी

जुनाट कॉम्प्युटरवर सिनेमाची पहिली सीडी संपली आणि पडदा काळा झाला. "दुसरी लाव गं," पलंगावरून आप्पा कसेबसे म्हणाले. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा गिरणीच्या रात्रपाळीमुळे ते याच सिनेमातून अर्ध्यावर उठले होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितल्यावर त्यांनी तो पुरा बघायचा, एवढंच मागितलं होतं.

लेकीने, हर्षदाने, बटण दाबलं. ट्रे बाहेर येईना. तिने ट्रेखालच्या बारीक भोकात टाचणी खुपसली, ड्राइव्हवर चापट्या मारल्या. मागे आप्पांचा श्वास घरघरू लागला.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढं काय होतं, तूच सांग. तो बाप घरी पोचतो का?"

हर्षदाचे हात थांबले. सिनेमातला बाप घाटातच मरतो, हे तिला ठाऊक होतं.

"पोचतो," ती म्हणाली. "पोरगी दारातच उभी असते, त्याची वाट बघत."

"मग बरं झालं," म्हणून आप्पांनी डोळे मिटले.

पायाशी बसलेल्या आईनेही तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता. तिने फक्त आप्पांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. पाय गार पडले होते.