व्हिस्कीबरोबर काय?

हॉटेलवाल्यांनी तिला न विचारता तिच्या कार्यक्रमाला तिच्या वडिलांना पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. त्यांना बघताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारूची चव पारखायची आणि कुठल्या दारूबरोबर काय खावं ते सांगायचं, हे तिचं काम. वडील मात्र शेजारच्या पाहुण्यांना सांगत सुटले होते, "नाक माझ्यावर गेलंय पोरीचं! लहान होती, तेव्हा मी दारात पाऊल टाकलं की लगेच ओळखायची, आज बाबांनी कुठली घेतलीय ते."

लोक कौतुकाने हसले. तिने रमचा घोट तोंडात घोळवला आणि चव घेणारे थुंकतात तसा समोरच्या भांड्यात थुंकला, जरा जोरातच.

"रमबरोबर तळलेली अंडी, वर भरपूर मिरपूड. माझी आई हेच वाढायची. माणूस पोटभर खातो आणि गुपचूप झोपतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वडिलांच्याच. "आणि व्हिस्कीबरोबर गं, बाळ?"

तिने दुसरा ग्लास नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"व्हिस्कीबरोबर काही वाढायचं नसतं, बाबा. मी वास ओळखून सांगितलं की आई चूल तशीच सोडून मला घेऊन मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे पळायची. एकदाच चुकले मी. व्हिस्कीला रम म्हणाले, आणि आई अंडी तळत बसली. तिचा हात अजून सरळ होत नाही."